भुरीच्या कपाळावरचं कुंकू

आई, पिंजरा आला. लोखंडी आहे, आत पाय पडला की दार आपोआप खाली येतं असा. आठशे चाळीस रुपये, आणि स्टँडवरून घरापर्यंत ऑटोचे पन्नास. मी चालतच आणणार होते, पण तो कवेत मावेना. सुकट पाव किलो, साठ. हो, सुकट. तुझ्या लेकीच्या घरात सुकट आली आहे. मागच्या दारानं आणली, तुळशीला दिसू नये म्हणून पदराखाली धरली आणि न्हाणीजवळच्या कोनाड्यात डब्यात डबा घालून ठेवली. वास येतोच. यांनी दोनदा विचारलं, हा कशाचा वास येऊन राहिला. मी म्हटलं नालीचा. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, एवढ्या वर्षांत तुला कधी लिहिलं नाही, आणि आज लिहायला बसले तर हे. खरं सांगायचं ते वेगळंच आहे. दोन आठवड्यांपूर्वी हिंगणीला जे ऐकलं ते एकदम लिहवेना, म्हणून खर्चापासून सुरुवात केली.

आमच्या नालवाडीच्या घरामागं बंद पडलेली डाळ मिल आहे. तिथं अकरा मांजरी राहायच्या. चार वर्षं झाली, देवाजवळ दिवा लावला की मी पोळ्या दुधात कुस्करून थाळी घेऊन जायची. त्या जवळ येत नसत. मी भिंतीच्या पलीकडे झाले की जेवत. पहिल्याच वर्षी एका संध्याकाळी बघते तर दोघींच्या कानाची टोकं कापलेली. थाळी हातातून पडली माझ्या. वाटलं कोणी करणी केली. मग कळलं, गल्लीत भाड्यानं राहणारी एक मुलगी, सेवाग्रामला नर्सिंग शिकते, ती त्यांना पिंजऱ्यात धरून जनावरांच्या डॉक्टरांकडे नेते, पिल्लं होऊ नयेत असं ऑपरेशन करून घेते आणि परत जागेवर आणून सोडते. कान कापला म्हणजे हिचं झालं, हिला पुन्हा धरायचं नाही, एवढीच ती खूण. मी तिच्या दारात जाऊन बोलले, की देवानं दिलेलं बंद करणारी तू कोण. ती शांतपणे म्हणाली, "काकू, मागच्या पावसाळ्यात मिलमधली मेलेली पिल्लं कोणी उचलली होती?" मीच उचलली होती. सात. जुन्या लुगड्यात बांधून नेली होती. त्या दिवसापासून ती धरते आणि मी खाऊ घालते.

यंदा मिल विकली गेली. दिवाळी झाल्यावर पाडायला मशीन येणार, हे कळलं तेव्हापासून आम्ही दोघी मांजरींसाठी घरं शोधत फिरलो. माणसाला शिवू न देणाऱ्या होत्या त्यांच्यासाठी गोठे आणि धान्याची गोडाऊनं बघितली. उंदीर त्या मारतील, तुम्ही एक वेळ जेवण आणि पाणी द्या, एवढंच मागणं. पण जो तो म्हणे, मोठी मांजर टिकत नाही, पिल्लू असल तर द्या. एका बाईनं विचारलं, जुनी आहे तर काही कमी करता का. मी फुकट देत होते. तरी एकेक करून दहा गेल्या. राहिली भुरी. सर्वांत थोरली, आठेक वर्षांची, एका डोळ्यात फूल पडलेलं. माझ्या पायाशी येऊन बसणारी ती एकच. मीच ठेवली असती, पण यांना दमा आहे, केस उडाला की रात्रभर बसून काढतात. शेवटी त्या मुलीला दवाखान्यात, तिच्या वॉर्डात, हिंगणीची एक म्हातारी भेटली, एकटी राहणारी. म्हणाली, मीही म्हातारी, तीही म्हातारी, आणून द्या. मुलीनं एकच अट सांगितली, मलाही आणि तिलाही: एकवीस दिवस एका खोलीत बंद ठेवायची, तिथंच जेवण, तिथंच हाक. मोठ्या मांजरीला जागा आपली वाटायला तेवढे दिवस लागतात. त्याआधी दार उघडलं तर ती जुन्या जागेच्या ओढीनं निघते आणि वाटेत हरवते.

निघताना मी भुरीच्या कपाळाला कुंकू लावलं. तू लावलं होतंस तसंच. मी पाचवीत आहे, महालक्ष्म्या बसल्या आहेत, आणि माझ्या मांजरीनं, पांढरीनं, नैवेद्याच्या ताटात तोंड घातलं आहे. बाबा ओरडले नाहीत, पाटावरून नुसते उठले आणि म्हणाले, ही घरात असेपर्यंत मी जेवणार नाही. दुसऱ्या दिवशी तू पांढरीला देवापुढं नेलंस, कुंकू लावलंस, बोटानं दही चाटवलंस. मी रडत होते तर म्हणालीस, "रडतं काऊन? हिंगणीच्या मावशीकडे चालली ते. सासरी." पिशवीत घालून एसटीनं घेऊन गेलीस. मग दोन वर्षं तू मला तिची खबर देत होतीस. चुलीपाशी झोपते. अंगानं भरली. तिला तीन पिल्लं झाली, एक अगदी तिच्यावर गेलं. मी शाळेत मैत्रिणींना सांगायची. आई, ती तीन पिल्लं मला अजून दिसतात. मिलमधल्या मांजरींसाठी मी दारोदार फिरले ते कशाच्या जोरावर? की माझ्या आईनं एक मोठी मांजर चांगल्या घरी दिली होती, तर मलाही जमेल.

हिंगणीला पोचले तर म्हातारीनं माझ्याकडे बघितलंच नाही, आधी मांजरीकडे बघितलं. मला वाटलं डोळा बघते. ती म्हणाली, "मांजरीले कुंकू लावणारी एकच बाई पाह्यली मी. वर्धेहून आलती. तुमची कोण होय?" मी हसत म्हटलं, माझी आई असेल, इथं तिची एक मावशी राहायची. म्हातारी म्हणाली, "कोणची मावशी? थे तं धरणाच्या वाटेवर झाडाखाली पिशवी उघडून गेली." तेव्हा ती तरणी होती, स्टँडवर फुटाणे विकायची, तिनं सगळं बघितलं. तू मांजरीला हात जोडलेस आणि त्याच गाडीनं परत गेलीस. पुढच्या गुरुवारी पुन्हा आलीस, तांब्यात दूध आणि पोळी घेऊन, आणि शेवटची गाडी येईस्तोवर झाडाझुडपांतून हाका मारत फिरलीस. असे पाच-सहा गुरुवार. मग आली नाहीस. मी विचारलं, सापडली का. ती म्हणाली, "मले का ठाऊक, मी बाळंतपणाले माहेरी गेलती."

तिनं दिलेला पाण्याचा गिलास माझ्या हातात तसाच राहिला. आई, गुरुवारी तू देवीच्या दर्शनाला जात होतीस. बाबा स्वतः नारळ आणून देत होते. खोटं बोललं तर देवापुढं उभं राहता येत नाही, हे मला तूच शिकवलंस, शेजारच्या झाडाचे दोन पेरू लपवले म्हणून दिवसभर देवघरात येऊ दिलं नव्हतंस. आणि तू देवीचं नाव पुढं करून मांजर शोधत होतीस, आणि घरी येऊन मला पिल्लांची गोष्ट सांगत होतीस. राग यावा की रडू यावं तेही कळेना. परतीच्या गाडीत नालवाडी कधी आलं तेही कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले. आठवा दिवस होता. भुरी कोठीच्या खोलीत होती, खात होती, माझ्या आवाजाला म्याँव करून उठली. आणि मला राहवेना. वाटलं, हिला तरी खरंच या घरची करून जावं, हिला इथली चूल दाखवावी, इथल्या देवाच्या पायांवर घालावी, म्हणजे पांढरीचं झालं तसं हिचं व्हायचं नाही. म्हातारी म्हणाली, अजून दिवस भरले नाईत बाई, त्या पोरीनं बजावलं आहे. मी म्हटलं देवापुढं नेते आणि लगेच आणते. कुंकू लावलं. हळद लावली. आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं उजवा हात घंटीकडे गेला. घंटी वाजली तशी ती माझ्या मनगटावरून ओरबाडत निघाली, छपराच्या कवेलूंवर चढली, पलीकडे उतरली आणि तुरीच्या वावरात गेली. तूर यंदा माणूस बुडेल एवढी आहे. शेवटच्या गाडीपर्यंत मी हाका मारल्या. म्हातारी कंदील घेऊन वावराच्या कडेला धुऱ्यावर उभी राहिली.

काल त्या मुलीचा फोन आला. परीक्षा आहे म्हणून ती आठवडाभर खोलीवर न येता मैत्रिणीजवळ होस्टेलवरच आहे. "काकू, भुरी कशी आहे?" मी म्हटलं, "मजेत आहे. चुलीपाशी झोपते." बोलून झालं आणि ऐकू आलं की आवाज तुझा आहे. ती इतकी आनंदली, आई, की मी पुढं अंगानं भरली असंही सांगितलं.

उद्या गुरुवार. पहिल्या गाडीनं पिंजरा घेऊन जाते, तो गोणपाटात गुंडाळला आहे. यांना सांगितलं, हिंगणीला दर्शनाला जाते, तिकडच्या एकीला पिंजरा हवा होता तोही पोचवते. त्यांनी नारळासाठी पैसे काढून दिले. मी घेतले.

हे पत्र टाकायला पेटी नाही. सुकटीच्या डब्याखाली ठेवते, तिथं घरातलं कोणी हात घालणार नाही. फक्त दोन गोष्टी हव्या आहेत. तू हाका कोणत्या बाजूनं मारल्या होत्यास, कालव्याच्या की जंगलाच्या? आणि पांढरी सापडली होती का? नसेल सापडली तर नाही सापडली असंच लिही, मला आता चालेल. उलट टपाली कळव. गाडी सहा वाजता आहे.