प्रगतीचा रकाना

मंगळवार, संध्याकाळ

देवधरबाई मतिमंद मुला-मोठ्यांना महापालिकेच्या तलावावर पोहायला नेतात. यंदा आमच्या कार्यालयाकडे आलेल्या अनुदानाच्या अर्जात ‘झालेली प्रगती’ या रकान्यात त्यांनी लिहिलं, ‘मजा आली.’ ही काय प्रगती? अर्ज परत पाठवणार होतो. फोन केला, तर म्हणाल्या, “अहो साहेब, आपण पोहून आल्यावर घरी प्रगती कळवता का?” अस्सल शनिवार पेठ!

चिडून तलावावर गेलो. पस्तिशीची सुमन पाण्यावर उताणी पडून आभाळाकडे बघत हसत होती. बाईंचा हात नुसता तिच्या पाठीखाली. मग तोही नाही. सुमन हसतच होती.

काय बाई आहे ही देवधर!

परत येऊन अर्जावर शेरा लिहिला, ‘प्रत्यक्ष पाहणी केली. रकाना बरोबर भरला आहे.’ वरचे साहेब उद्या झापतील. झापू देत.