बॉनेट वर करून घेतलेलं माप

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, म्हणजे गाडी, मी आणि माझी अब्रू सोडून. आमच्या डॉक्टरीणबाईंचा, म्हणजे तुझ्या भावजयीचा, मोडलेला घोटा जुळला, पण त्या पायात पूर्वीचा जोर येणार नाही म्हणतात. बाबांच्या गाडीचा ब्रेक तुला आठवत असेल. तो दाबायला अंगठ्यापासून कमरेपर्यंत सगळा माणूस लागतो. तिला आता दाबवत नाही. म्हणून गुरं तपासायला तिला गोठ्यागोठ्यांवर मीच नेतो. माझा पाय शिलाई मशीनवर तयार झालेला. गाडी टाके घालत जाते. काल उतरताना ती म्हणाली, असं जीव मुठीत धरून फिरण्यापेक्षा कामच सोडते. चेष्टेत नाही म्हणाली, ताई.

मेकॅनिक म्हणतो, बूस्टर बसवा. इंजिनाच्या हवेच्या ओढीवर हा डबा पायाचा जोर वाढवतो, आणि पेडलजवळ जागा नसली तरी नळ्या जोडून लांब बसवता येतो. तुझ्या सुट्या भागांच्या दुकानात तीन आकारांचे आहेत ना? सगळ्यात मोठा पाठव. बायकोसाठी घ्यायचा, तिथे हात आखडता कशाला?

लोभ आहेच, या खेपेस तो पार्सलातूनही दिसावा.

तुझा,
धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसले, मग काळजी वाटली. अरे, घेर मोठा म्हणजे झगा अंगाला बसला, असं तू कधी म्हणतोस का? मोठा डबा जोर तिप्पट करतो. आपल्या गाडीचे ब्रेक जुने. नुसता पाय लागला की चाकं धरून ठेवतील, गाडी घसरेल आणि तिच्या दुसऱ्या घोट्याचीही वाट लागेल. लहानातला लहान पाठवते आहे. इंजिनाच्या गरम भागांपासून लांब बसव आणि जागेचं माप नीट घे. सगळ्या गल्लीची मापं घेणाऱ्याला हे मी सांगावं म्हणजे कमालच!

तिला म्हणावं, इतक्यात काम सोडू नको. ती घरी बसली तर दिवसभर तुझी शिलाई तपासेल.

माझा लोभ तुझ्या जन्मापासूनचा आहे. त्याला बूस्टर लागत नाही.

तुझी,
ताई

दि. २६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डबा मिळाला. माप मीच घेतलं, मेकॅनिकला टेप धरू दिली नाही. डबा असा फिट्ट बसला, की मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग बॉनेट लावायला गेलो, तर ते अर्ध्यावरच अडलं. आयुष्यभर गिऱ्हाइकांना सांगत आलो, हात खाली सोडा, हात वर करून कोटाचं माप घेत नाहीत. आणि गाडीचं माप घेतलं बॉनेट वर करून! मेकॅनिक सभ्य माणूस, तोंड फिरवून हसला. लांब बसणारा डबा म्हणून निभावलं; नळ्या वाढवून तो दिव्यामागच्या मोकळ्या जागेत गेला.

पहिली फेरी अर्थातच मी मारली. कोपऱ्यावर सवयीने कमरेतून जोर लावला. गाडी थांबली, मी थांबलो नाही. कपाळावर टेंगूळ आलं. पुढच्या वळणावर त्याला जोडीदार मिळाला. डॉक्टरीणबाई फाटकात उभ्या राहून बघत होत्या. आतून बर्फ आणून माझ्या एका हातात दिला आणि दुसऱ्या हातातली किल्ली काढून घेतली.

पुढचं तीच लिहील, मला बर्फ धरायचा आहे.

लोभ असावा, टेंगळं उतरेपर्यंत जरा जास्तच.

धाकटा

दि. २७ फेब्रुवारी

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

मी पाय नुसता टेकवला आणि गाडी थांबली. दुखलं नाही. मग उगाचच कितीदा तरी चालवली आणि थांबवली. नंतर रडू आलं. यांना वाटलं, पाय दुखतोय. हातातला बर्फ हे माझ्या पायावर धरायला लागले. यांच्या जड पायाला ही गाडी आता कामाची नाही, माझ्या अधू पायाला मात्र अगदी मापाची झाली आहे.

आज सकाळी एका अडलेल्या गाईचा निरोप आला. मी एकटी निघाले होते, पण हे शेजारी येऊन बसलेच. वाटेत प्रत्येक वळणावर यांनी आपल्या बाजूची जमीन ब्रेक समजून दाबून काढली. पायाखालची चटई फाटली. गाय मोकळी झाली, वासरू चांगलं आहे. घाम मात्र यांनाच जास्त आला होता.

तर वन्सं, पुढच्या पार्सलात एक सुटं पेडल पाठवा. कशालाही जोडायचं नाही. यांच्या बाजूला बसवते.

लोभ आहे तसाच राहू द्या, हलका पण वेळेवर लागणारा.

आपली,
कामावर रुजू झालेली
डॉक्टरीण