पाखडलेला भुसा

४ नोव्हेंबर, मंगळवार
धूळ किती उडते ते पाहायला काल संध्याकाळी खुराड्यात उंचावर तेलाचा हात फिरवलेलं स्टीलचं ताट ठेवलं होतं. आज सकाळी काढलं. जवळजवळ कोरं. बोट फिरवून पाहिलं, बोटाला तेलाशिवाय काही लागलं नाही. फोटो काढून बचत गटाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'कोंबड्यांच्या गादीसाठी लाकडाचा भुसा. धूळ नगण्य.'

ऑगस्टमध्ये हे ठरवताना किती दिवस वाचत होते. सोयाबीनचं भुसकट टाकून पाहिलं, फार धूळ. उसाचं पाचट कुट्टी करून टाकलं, चार दिवसांत ओलं. शेवटी पालमच्या लाकडाच्या मिलमधला भुसा. आई तेव्हा म्हणाली होती, तेलघाण्यावर शेंगांची टरफलं पडून असतात, ती आणू. मी म्हणाले, त्यांना बुरशी लागते, वाचलंय मी. ती माझ्याशी वाद घालत नाही. बी.एस्सी. झाल्यापासून तर मुळीच नाही.

चाळीस कोंबड्या. एकही शिंकत नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
गटाची बैठक, महादेवाच्या ओट्यावर. अकरा जणी. माझं ऐकून सगळ्यांनी भुसा टाकलाय, पण तक्रारी आहेत. सुनंदा काकू म्हणाली, "ज्योती, आमच्या कोंबड्या शिंकायल्यात. डोळ्याला पाणी येतंय त्यांच्या."

मी मोबाइलवर ताटाचा फोटो दाखवला. म्हणाले, "काकू, भुसा तोच आहे, मिल तीच आहे. आमच्याकडे त्रास नाही. मग दोष कशाचा? आधी खुराडं स्वच्छ ठेवा. घाणीत कुठलीही गादी टाकली तरी कोंबडी आजारीच पडणार."

दोघीतिघी हसल्या. काकूने पदर पुढे ओढला. तिची सासू गयाआजी शेजारी होती. ती म्हणाली, "आमी घान मान्सं माय. तू शिकलेली."

ठरलं की सगळ्यांचा मिळून एक टेम्पो भुसा आणायचा, १८ तारखेला. कमलमावशीने, ती गटाची अध्यक्ष, माझ्या पाठीवर हात ठेवला. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू, फार बरं वाटलं.

आई बैठकीतून मध्येच उठून गेली. खोकला. दसऱ्यापासून चालूच आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार
आईला एसटीने पालमला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, धुळीत काम असतं का? आईच्या आधी मीच बोलले. "चूल आहे घरात. धूर." आई मान हलवत राहिली. तोंडाने ओढायचा पंप दिलाय. महिनाभराने परत बोलावलंय. फरक नाही पडला तर छातीचा फोटो काढायचा म्हणाले.

येताना बसमध्ये मी तिला धुराने फुफ्फुसाचं काय होतं ते समजावून सांगितलं. गॅस भरून ठेवलेला असताना भाकरी चुलीवरच का, वगैरे. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बरं." पुढच्या बाकावरची बाई मागे वळून ऐकत होती. मला वाटलं, तिलाही कळेल.

१२ नोव्हेंबर, बुधवार
खुराड्यामागे बाभळीच्या बुडाला एक ढीग दिसला. पिवळट पीठ. हातात घेतलं तर बोटांतून वाऱ्यावर गेलं. डाळीचं पीठ म्हणावं इतकं बारीक. वास लाकडाचा.

आमच्या खुराड्यातला भुसा असा नाही. जाडसर, खवल्यांचा. मला वाटायचं मिलमधूनच तसा येतो.

आईला विचारलं. म्हणाली, "कायकी. वाऱ्यानं आलं आसन."

एवढं वाऱ्याने येत नाही. उद्या लवकर उठून बघते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
आज तिच्या बरोबरीनेच जागी झाले आणि पडून राहिले. उजाडताना ती मागच्या दाराने बाहेर गेली. थोड्या वेळाने सुपाचा आवाज. रोज ऐकते हा आवाज. रोज वाटायचं ज्वारी पाखडतेय.

मागे गेले. पोतं उघडं, मांडीवर सूप, नाकातोंडाला पदर. ती भुसा पाखडत होती. एक झटका दिला की पिवळा ढग उठायचा आणि तिच्याच अंगावर यायचा. चार झटके, मग खोकला, मग थांबून श्वास. पापण्यांवर भुसा.

"कवापासून करायलीस?" मी विचारलं. तिच्यासारखंच बोलले, कसं कोण जाणे.

"पहिल्या पोत्यापासून."

"सांगितलं का नाहीस?"

तिने सूप खाली ठेवलं. "लय बारीक व्हता तो. पहिल्याच दिशी कोंबड्या शिंकाय लागल्या. तू ताट ठिवायलीस, फोटो काढायलीस. म्हणलं, पोरीनं एवढं वाचून ठरवलंय, तिचं खरं व्हावं."

मग म्हणाली, "पर सुनंदाला तसं बोलाय न्हाई पायजे व्हतं तू. तिच्याकडं पाखडायला वेळ कुठाय. दिवसभर कापूस येचायला जाते ती."

म्हणजे त्या दिवशी ओट्यावरून ती खोकल्यामुळे उठली नव्हती. किंवा नुसत्या खोकल्यामुळे नाही.

माझी प्रयोगाची वही काढली. गादीचा प्रकार, जाडी, ओल, ताटावरची धूळ, सगळे रकाने आहेत. आई कुठेच नाही. आणि डॉक्टरांना मी काय सांगितलं. चूल.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
आज सांगायचं ठरवून गेले होते. रस्त्यात वाक्य पाठ केलं.

ओट्यावर सगळ्या बसल्या. कमलमावशी म्हणाली, बोला मॅडम. त्या 'मॅडम' शब्दाने घात केला असं लिहिणार होते, पण शब्दाचा काय दोष. मी उभी राहिले आणि म्हणाले, "एक सांगायचं राहिलं होतं. भुसा टाकण्याआधी पाखडून घ्यायचा असतो. बारीक धूळ निघून जाते. मागच्या वेळी सांगायला मी विसरले."

विसरले.

सुनंदा काकूचा चेहरा एकदम मोकळा झाला. "असं व्हय. बरं झालं बाई सांगितलीस. आमी उगं आमचंच काई चुकलं म्हनून बसलोत."

आई मागे खांबाजवळ बसलेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर विचारलं, चहा टाकू का.

१५ नोव्हेंबर, शनिवार
लिहवत नाही. आईला सूप हातात धरू देत नाही एवढंच केलंय. शिल्लक पोतं बांधून ठेवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी दूध घालायला निघाले. पहिल्या घराच्या अंगणातून सुपाचा आवाज. दुसऱ्या घरातून. पाराला वळसा घातला, तिथेही. कमलमावशीच्या अंगणात तिची सून, पाठीवर पिवळी धूळ.

सुनंदा काकू कापूस वेचायला गेलेली. अंगणात गयाआजी. सत्तरीच्या पुढे असेल ती. लुगड्याचा पदर दातात धरलेला, सूप हलवताना हात कापत होते. मला पाहून हसली. "बघ मॅडम, तू सांगितलं तसं करायलोत. सूनबाईला टाइम न्हाई म्हनून मीच बसले. आता शिंकायच्या न्हाईत ना कोंबड्या?"

मग तिला खोकला आला. तोच. पहिल्यांदा कोरडा, मग ढास लागते तो.

मी तिच्या हातातून सूप घेतलं. तिला वाटलं मी मदत करतेय. म्हणाली, "कशाला हात भरतीस."

दूध तसंच कॅनमध्ये घेऊन परत आले. आई एकटी होती, आता अकरा जणी झाल्या. आणि हे आईने केलेलं नाही. हे मी माझं नाव राखायला केलंय, एका शब्दाने. उद्या टेम्पो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
सकाळीच कमलमावशीकडे गेले. बसायच्या आधी सांगितलं, नाहीतर सांगितलंच नसतं. की मी विसरले नव्हते, मला माहीतच नव्हतं. की आई तीन महिने पाखडत होती. की तिची धाप त्याने आहे. की टेम्पो नको.

मावशीने थापलेली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "म्हंजी तुझं ताट तुझ्या मायनं घासलं म्हन की." आणि हसली. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने टेम्पोवाल्याला फोन करून नको म्हणून कळवलं, सुनेला हाक मारली, "ए, ठिव ते सूप खाली."

मग एकेक घर. नऊ घरं झाली. कुणी म्हणालं, "चालायचंच." कुणी म्हणालं, "मग आता काय टाकावं?" एकीने दारातूनच सांगितलं, "तू आधी तुझं ठरव, मग आमाला सांग," आणि आत गेली. प्रत्येक घरी सांगणं सोपं होत गेलं. तेही बरोबर वाटलं नाही.

दहावं घर सुनंदा काकूचं. काकू रानात. गयाआजी म्हणाली, "काय ते सांग, मी सांगते तिला." आजीला भुसा पाखडू नका एवढं सांगितलं. बाकीचं काकूलाच सांगेन म्हणाले. परतताना पाय हलके झाले. काकू घरी नव्हती म्हणून मला बरं वाटलं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार
तेलघाण्यावरून दोन पोती टरफलं आणली. घाणेवाले आप्पा कोंबडी-अंड्याला शिवत नाहीत. म्हणाले, "आमच्यात चालत न्हाई, पर टरफलाला कोन विचारतंय. न्या की. तुझी आई विचारून गेल्ती आखाडात."

आखाडात. म्हणजे माझी वही सुरू होण्याच्याही आधी.

आईने टरफलं अंगणात पातळ पसरली. मी बुरशीचं विचारलं, या वेळी खरंच विचारलं. "दोन उन्हं द्यायची. ओली झाली की काढायची. ठिवूनच दिल्यावर कशालाबी बुरशी येती." एवढंच होतं. ऑगस्टमध्ये विचारलं असतं तर एवढंच सांगितलं असतं.

तिने सवयीने सूप उचललं. मी घेतलं. ती म्हणाली, "यात पाखडायला काय हाय," आणि हसली. हसताना खोकला आला. दवाखान्यात जाऊन खरं कारण सांगून येणार आहे. सोमवारी. ती म्हणते कशाला उगं. मी ऐकणार नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार
संध्याकाळी सुनंदा काकूच्या दारात जाऊन बसले. ती डोक्यावर गाठोडं घेऊन आली. बोटं कापसाच्या बोंडांनी ओरखडलेली. मी सगळं सांगितलं. तिला बहुतेक आधीच कळलेलं होतं, गावात काय राहतंय. तरी तिने मध्ये तोडलं नाही.

मग म्हणाली, "त्या दिशी घरी आले अन् खुराडं दोनदा झाडलं मी, ज्योती. सारवलं बी. त्याच्या दुसऱ्या दिशी परत झाडलं. मला वाटलं खरंच मला कळंना गेलंय. आत्याबाईला बी बोलले मी, तुमीच घान करताव म्हनून."

गयाआजी आत होती. ऐकू येत असणार.

मी म्हणाले, "चुकलं काकू."

"इथं म्हनू नको. इथं कोन हाय ऐकायला? तिथं घान म्हनलीस ना मला, समद्यांच्या म्होरं? मग तिथंच म्हन."

मी हो म्हणाले. तिने पाणी दिलं. प्यायले. टरफलं हवीत का विचारायचं होतं, धीर झाला नाही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
बैठक चारला. आई येते म्हणाली. "मागं न्हाई बसनार, तुझ्याजवळ बसन." काकू येईल की नाही माहीत नाही. आज रानात गेली नाही एवढं कळलं.

सकाळपासून काय बोलायचं ते लिहून खोडतेय. पहिल्या कागदावर धूळ, लाकडाचे कण, श्वासनलिका. फाडला. दुसऱ्यावर आईचं खूप होतं. ते ऐकून सगळ्यांना माझीच कीव आली असती. तोही फाडला. आता एकच ओळ उरलीय.

'सुनंदा काकूचं खुराडं स्वच्छ होतं.'

आईने विचारलं, कवाची काय लिहायलीस. वाचून दाखवलं. ती पंप ओढून दम धरून बसली होती. दम सोडला आणि म्हणाली, "हां. त्या दिशी जेवढ्या मोठ्यानं बोललीस ना, तेवढ्याच मोठ्यानं म्हन."

साडेतीन झालेत. ती पायात चपला घालून दारात उभी आहे.