दोराचं दुसरं टोक

३ डिसेंबर, मिनेसोटा

ति. रायलीमावशीस कायसाचा सा. न.

शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळा सोडल्यापासून लिहायची सवय मोडलीय, आणि टाइप एका बोटाने करते, म्हणून उशीर.

शनिवारी फायर स्टेशनात गावजेवण होतं. नवा मेयर डुएन माइक घेऊन उभा राहिला आणि म्हणाला की इल्माबाई मेयर होत्या तेव्हा बारा वर्षांत गोठलेलं तळं मासेमारीला नाताळाआधी कधी उघडलं नाही, कारण बाई बर्फाला भ्यायच्या. आपण त्यातले नाही, पुढच्या रविवारी मासेमारी सुरू. इल्माबाई, म्हणजे आपली आजी, समोरच बसली होती. आजोबा त्याच तळ्यावर बर्फ फुटून खाली गेले, हे त्याच्या लक्षात आलं असावं, पण तोंडातून निघून गेलं होतं. सगळे सूपमध्ये बघत बसले. आजीने आपलं सूप संपवलं, मग माझंही.

आता पंचाईत झालीय. मेयरने कमरेला दोर बांधून बर्फावर पहिलं चालायचं आणि दुसरं टोक जुन्या मेयरने धरायचं, ही आपली रीत. आजीने दोर खुंटीवरून काढून शेडमध्ये टाकलाय. म्हणते, त्याला भीती नाही तर दोर कशाला. तो म्हणतो, बिनदोराचा जाईन. बर्फ अजून पातळ आहे गं. तू आजीला सांग. मला तिच्यापुढे बोलता येत नाही.

तुझी,
कायसा

६ डिसेंबर, ॲरिझोना

चि. कायसास आशीर्वाद.

डुएन माझ्याच वर्गात होता. बेडूक कापायच्या तासाला चक्कर येऊन आडवा झाला होता, तो आता माझ्या आईला भित्री म्हणतोय!

पण मी फोन करणार नाही. मी सांगितलं की ती उलटंच करते. दोराची रीत तिनेच घातली, मेयर झाली त्या वर्षी. बाबांच्या कमरेला दोर नव्हता ना. तुला बोलवत नसेल तर बोलू नकोस. दोर आणून टेबलावर ठेव, बस.

इथे मी डिसेंबरात चपला घालून फिरते. जळ.

आठवण काढत जा,
रायलीमावशी

१४ डिसेंबर, मिनेसोटा

ति. मावशीस सा. न.

ठेवला दोर. आजीने कॉफी पिता पिता गाठी तपासल्या आणि विचारलं की हे रायलीने शिकवलं ना. मग बूट घातले.

डुएन काठावर भाषण करत होता. आजीने त्याला बोलू दिलं आणि तो बोलत असतानाच दोर बांधला. दुसरं टोक तिने धरलं, तिच्या मागे मी. तो नको म्हणाला नाही. थोडं चालल्यावर वळून लोकांना हात करायला लागला. सगळे त्याच्याकडे बघत होते, आजी मान खाली घालून बर्फ ऐकत होती. कर्र झालं आणि ती मला म्हणाली की ओढ. तो पाठीवर पडला आणि उभा होता तिथे पाणी आलं. आम्ही त्याला सील माशासारखा फरफटत आणला. एक बूट तळ्याने ठेवून घेतला.

कोणी हसलं नाही. तो माफी मागायला लागला, पण दात इतके वाजत होते की शब्द होईनात. आजी म्हणाली की आधी मोजे बदल, आणि पुढच्या वर्षी वजन उतरवून ये, माझे खांदे म्हातारे झालेत.

दुसऱ्या दिवशी फायर स्टेशनच्या दारावर त्याच्या सहीचा कागद लागला, की इल्माबाई सांगतील तेव्हा तळं उघडेल.

घरी आजीने दोर स्टोव्हपाशी वाळत घातला आणि शेजारी बसून राहिली. हातमोजे काढायचं विसरलीच.

माया आहे तेवढी राहू दे.

तुझी,
कायसा

ता. क. मला गाडीचं लायसन्स मिळालं.