शिराजची तीन पानं

प्रिय शिराज,

स्फाक्सला उन्हं तापू लागली आहेत. तुझ्या बाबांनी अंगणात वेलीखाली मला टेबल मांडून दिलंय आणि येता-जाता विचारतात, 'काय बाईसाहेब, झाली का पदवी?' बावन्नाव्या वर्षी बालविकासाच्या पदव्युत्तर वर्गात जाऊन बसायचं म्हणजे थट्टा ऐकावीच लागते. वर्गातल्या मुली तुझ्याहून लहान. 'मावशी, सव्वीस वर्षं शाळेत शिकवलंत, आता तुमचं काय शिकायचं राहिलंय?' असं एकीने विचारलं, तेव्हा मी हसून वेळ मारून नेली.

प्रबंधासाठी तीन महिने मी एका बालवाडीत मागे बसून नोंदी केल्या. तिथे ईलाफ नावाची पाच वर्षांची मुलगी होती. घरी तोंडाचा पट्टा चालू, बालवाडीत मात्र एक अक्षर नाही. तिच्या सलवाबाई तिला काही विचारायच्याच नाहीत. आवारातल्या कासवाला पाला घालायचं काम तेवढं तिच्याकडे दिलेलं. मला राहवेना. 'अहो, जरा धाक दाखवा, बोलेल,' असं मी म्हटलंसुद्धा. त्या म्हणाल्या, 'हट्टी नाही हो ती, भ्यालीय. तिला आणखी भिववून काय मिळणार?' नवव्या आठवड्यात ईलाफ कासवापाशी वाकून पुटपुटली, 'खा ना रे, कुणी बघत नाहीये.' सलवाबाईंनी ऐकलं, पण मान वर न करता त्या संत्रं सोलत राहिल्या. माझा हात वहीवर तसाच थांबला.

तुझं दुसरीचं वर्ष आठवलं. तू माझ्याच वर्गात होतीस. तपासनीस आले होते. घरी तू घडाघडा वाचायचीस, म्हणून मी मुद्दाम तुलाच उभं केलं. तू गप्प. 'शिराज, वाच! चारचौघांत माझी शोभा करू नकोस.' साहेब निघून गेले, तरी घंटा होईपर्यंत मी तुला फळ्यापाशी उभं ठेवलं. उभ्या उभ्याच तुला शू झाली, शाळेचा गुलाबी एप्रन ओला झाला, मुलं हसली, आणि मी म्हणाले, 'पुरे झाली नाटकं.' चोवीस वर्षं मी त्याला शिस्त म्हणत आले. आणि ल्योंहून दर रविवारी तू 'सगळं ठीक आहे, यम्मा' म्हणून फोन ठेवतेस, त्याला कामाचा व्याप म्हणत आले.

त्या दिवसावर मी प्रबंधात तीन पानं लिहिली, नावं न घालता. माझ्या मार्गदर्शक नजवाबाईंनी विचारलं, 'यातली शिक्षिका कोण?' म्हटलं, 'मी.' 'आणि मुलगी?' मी पानं पुढ्यात ओढून घेतली. त्यांना कळलं. चष्मा काढून म्हणाल्या, 'ही पानं एकट्या तुमची नाहीत. तिला विचारलंत का?'

म्हणून हे पत्र. पानं सोबत ठेवली आहेत. तू हट्टी नव्हतीस, शिराज, चूक माझी होती. कागदावर उतरवण्याआधी हे तुला सांगायला हवं होतं. तू नको म्हणालीस तर पानं काढून टाकीन. तोंडी परीक्षा मग जूनऐवजी ऑक्टोबरात जाईल, जाऊ दे. फोनवर विचारलं असतं तर तुला तिथल्या तिथे बोलावं लागलं असतं. तू सावकाश कळव. काहीच कळवलं नाहीस, तर ते 'नको' आहे असं मी समजेन, आणि पुन्हा विचारणार नाही.

तुझीच,
यम्मा