नंदीध्वजाहून उंच नाही

॥ श्रीसिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

सोलापूर, ४ नोव्हेंबर १९३३

चि. शरच्चंद्र यास वडिलांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तू वकिलीच्या वर्गाऐवजी विमानाच्या क्लबात जातोस, ही बातमी आम्हांस तुझ्याकडून न कळता जेऊरच्या प्रेमलाआत्याकडून कळली. जेऊरपर्यंत पोचलेली गोष्ट आता हिंदुस्थानात कुणाला कळायची राहिली असेल, असे वाटत नाही.

तुझ्या आईने अन्नपाणी टाकले होते. शेवटी मी तिला गणिताने समजावले. माणूस ओट्यावरून पडला तर धोतर झटकून उठतो, माडीवरून पडला तर हाड मोडते आणि किल्ल्याच्या बुरुजावरून पडला तर उठतच नाही. म्हणजे इजा उंचीच्या प्रमाणात असते. तेव्हा धोका विमान उडवण्यात नसून उंच उडवण्यात आहे. तिला हे तत्काळ पटले. माझे म्हणणे तिला तत्काळ पटण्याचा आमच्या संसारातला हा पहिलाच प्रसंग.

लगोलग ती देवळात जाऊन नवस बोलून आली की, पोराचे विमान नंदीध्वजाहून उंच जाणार नाही, देवाने त्याला सांभाळावे. संक्रांतीच्या यात्रेत मिरवतात ते उंच काठ्यांचे नंदीध्वज तू लहानपणापासून पाहिले आहेस, तेव्हा मापाबद्दल शंका नको. आईची शपथ घेऊन उलटटपाली कळव. नाहीतर मी स्वतः येऊन तुला घेऊन जाईन.

कळावे. पाय शक्यतो जमिनीलगत असावेत, हा आशीर्वाद.

वेणीमाधव


मुंबई, ११ नोव्हेंबर १९३३

तीर्थरूप बाबांचे चरणी शरच्चंद्राचे शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. चोरी पकडली गेली, क्षमा असावी. प्रेमलाआत्याला सरकारने तारखात्यात घ्यावे, खर्च पुष्कळ वाचेल.

बाबा, आपले गणित ओट्याला लागू आहे, विमानाला नाही. इंजिन बंद पडले तरी विमान धोंड्यासारखे पडत नाही, घसरत घसरत खाली येते. जितकी उंची जास्त, तितकी लांबची मोकळी जागा गाठता येते. खाली असलो तर समोर येईल ते पदरात घ्यायचे, मग ती विहीर का असेना. खालून जाताना तारा दिसत नाहीत, त्यांचे खांब तेवढे दिसतात. दुपारचा तापलेला माळ विमानाला खालून ढुशा देतो आणि वळायला जावे तर पंख जमिनीला टेकू बघतो. खालून उडणे ही आमच्यात हुशारीची कमाल समजतात, आणि आमचे शिकवणारे साहेब ती हुशारी दाखवणाऱ्याला क्लबातून काढून टाकतात.

पण आईने अन्नपाणी टाकले होते हे वाचले आणि माझे शास्त्र तिथेच आटोपले. आईची शपथ, एकटा असताना सोलापूरच्या हद्दीत मी नंदीध्वजाहून उंच जाणार नाही. इकडे साहेब बरोबर असतात. त्यांनी शपथ घेतलेली नाही आणि त्यांची आई विलायतेत आहे, तेव्हा माझा इलाज नाही. आईला म्हणावे, आता पोटभर जेव.

बालकावर कृपा असावी, आणि ती क्लब सोडायला न सांगता असावी.

आपला शरच्चंद्र


सोलापूर, २ जानेवारी १९३४

चि. शरच्चंद्र यास अनेक आशीर्वाद. वि. वि. एकटा विमान घेऊन तू रविवारी येतोस हे वाचून घर डोक्यावर घेतले गेले आहे. साहेबाचे मत मी विसरलेलो नाही. परंतु जो वर नेण्याची फी घेतो, तो खाली राहा असे कशाला सांगेल?

धाकट्या शकुंतलेने माळवद सारवून ठेवले आहे. आम्ही सर्व वरच उभे राहू. तुझ्या आईचा निरोप असा की, विमान खालून आण आणि डोळ्यांवरचा तो मोठा चष्मा घरावरून जाताना तेवढा काढ. गणपतीपासून तिने तुझे तोंड पाहिलेले नाही. एवढ्यासाठी ती रोज माळवदावर जाऊन कुठे उभे राहिले म्हणजे नीट दिसेल ते बघून येते.

कळावे. खालूनच येणे, हा आशीर्वाद.

वेणीमाधव


सोलापूर, १० जानेवारी १९३४

चि. सौ. प्रेमला हीस दादाचे आशीर्वाद. वि. वि. शरू सुखरूप आहे हे आधी वाच, मग बाकीचे वाच आणि मग जेऊरभर सांग.

शरूने शब्द पाळला. सोलापूरची हद्द लागल्यापासून विमान बाभळींच्या शेंड्यांवरून आणले. तेवढ्यात इंजिन दोनदा खोकले आणि बंद पडले. समोर मायाप्पा धनगराची मेंढरे. त्यांना चुकवायला शरू वळला, तो पंख बाभळीत अडकला आणि विमान ज्वारीत जाऊन आडवे झाले. शरूचा डावा हात मोडला, कपाळाला टाके पडले. मायाप्पाने त्याला घोंगड्यात गुंडाळून गाडीत घालून घरी आणले. तो आम्हांला म्हणाला की, पोरगं मेंढरं बघूनच वळलं, न्हायतर लई मेंढरं गेली असती की. तुमी त्याला रागावू नगा. आम्ही माळवदावर वाट बघत होतो आणि मुलगा खालून गाडीने आला.

मात्र एक गोष्ट सिद्ध झाली. एवढ्या खालून पडला म्हणून हातावर निभावले. समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला मी विचारतो की, हाच वरून पडला असता तर? प्रत्येक जण हात जोडतो. हे ऐकून शरूने भिंतीकडे तोंड फिरवले, वेदना होत असाव्यात. आता उंची तुळशीवृंदावनाइतकी ठरवावी, असा माझा विचार आहे. तुझी वहिनी मात्र हा विषय निघाला की उठून माळवदावर जाते.

कळावे. माहेरावर लोभ आहेच, बातम्यांवर थोडा कमी असावा.

तुझा दादा


सोलापूर, ९ मार्च १९३४

चि. शरूस आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. मी सांगते आहे, शकुंतला लिहिते आहे आणि बाबा शाळेत शिकवायला गेलेत. हाताला रोज कोमट तेल चोळ. पुन्हा विमानात बसायला लागलास, हे तू कळवलं नाहीस तरी मला समजलं. प्रेमलावन्सं अजून जेऊरलाच आहेत.

तू इथं पडून होतास तेव्हा बाबा बाहेर गेल्यावर मी विचारलं होतं, वर असतास तर काय झालं असतं? तू म्हणालास की, पलीकडे मोकळा माळ होता, तिथवर सुखानं आलो असतो. आणि लगेच म्हणालास, जाऊ दे आई, आमटी फार छान झाली आहे. शरू, त्या आमटीत मी मीठ घालायलाच विसरले होते. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

परवा माळवदावर पापड वाळत घालत होते. वर घार फिरत होती, पंखसुद्धा हलवत नव्हती. आणि शेजारच्या रत्नम्माची कोंबडी कुंपणाएवढी उडाली, तर मांजरानं तिला तिथंच धरली. बाबांचं गणित कोंबडीचं आहे. शकुंतला हसते आहे, पण मी तिला हे लिहायलाच लावलं.

काल देवळात जाऊन नारळ ठेवला आणि बोललेलं परत घेतलं. देवाला म्हटलं, माप मी घातलं होतं, पोराला त्यात धरू नकोस. तुझी शपथ सुटली. आता सोलापूरवरून जाशील तेव्हा वरून जा, घारीच्याही वरून जा. माझं तुझं तोंड बघायचं राहिलं तरी चालेल. आवाज आला की मी माळवदावर येईन आणि आवाजाकडे बघेन.

बाबांना मात्र खालूनच उडतो असं लिहीत जा. गावभर सांगून ते इतके वर जाऊन बसलेत की आता त्यांना उतरवणं माझ्यानं व्हायचं नाही.

जिथं असशील तिथं माझा लोभ पोचतो, एवढं ध्यानात असू दे.

तुझी आई

ता. क. दादा, हे माझं. पत्र पुरं होईपर्यंत आई दोनदा माळवदावर जाऊन आली. आज कुठलंच विमान येणार नाही, हे तिला ठाऊक आहे. — शकुंतला