तुझं लिहिलेलं कुणाच्या नावावर करू?

मंगळवार, ता. ९, दुकानातून

धाकटे,

मला न विचारता परस्पर त्या वेबसाइटवाल्या बाईंना "माझं नाव काढा आणि थोरल्या जाऊबाईंना ॲडमिन करा" म्हणून सांगून मोकळी झालीस, हे काही बरं केलं नाहीस. मी काय मेले होते? भावाभावांचं फाटलं, दुकानाचे दोन भाग झाले, ते त्यांचं ते बघतील. तू माझ्याशी बोलणं टाकलंस ते कुणाला विचारून? फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. माझं अक्षर तुला ठाऊक आहे, लावून घे.

बाकी बरी आहेस ना? भावोजींचा गुडघा कसा आहे? इकडे सगळं ठीक. यांचा खोकला आहे तसाच आहे, आणि स्वभावही.

तर त्या बाई काल आल्या. म्हणाल्या, "काकू, आजवर तुम्ही सगळ्यात खालच्या पायरीवर होता. लिहायचं तुम्ही, पण ते लोकांना दाखवायचं की नाही हे वरचं माणूस ठरवणार."

"कोण वरचं माणूस?"

"धाकट्या काकू."

"काहीतरीच. ती गेल्या वर्षीच वेगळी झाली. मी वेत विणून झालेल्या खुर्चीचा फोटो टाकते, चार ओळी खरडते, दुसऱ्या दिवशी दिसतं. मशीन लावतं ते."

बाईंनी नवा पासवर्ड घालून मला आत नेलं. अगं, काय ते. मला वाटायचं वेबसाइट म्हणजे दुकानावरची पाटी. आत अख्खी इमारत निघाली. हिशेब बघणाऱ्या भाचीला फक्त ऑर्डरी दिसतात, फोटोवाल्याला फक्त फोटो, ज्याला त्याला त्याच्यापुरतं दार, आणि दुसऱ्याच्या खोलीचा पत्ताच नाही. एवढं सगळं तू मांडलंस, वेत भिजवायच्या टबाशेजारी स्टुलावर बसून. आणि मी पलीकडून ओरडायची, ते टुकटुक पुरे, बैठकीचा वेत ओढायला ये.

मग बाईंनी माझ्याच एका नोंदीत आधीचं काय होतं ते काढून दाखवलं. शब्द न शब्द, कुणी बदलला, कधी बदलला. मी लिहिलं होतं, "हे गृहस्थ खुर्चीवर उभे राहून दिवा बदलतात म्हणून वेत फाटला. शिडी घ्या." तू ते खोडून "जास्त भार पडल्यामुळे" केलंस. मग तुझंच खोडून माझं परत ठेवलंस. ऱ्हस्व-दीर्घ तेवढं नीट केलंस.

एकेक उघडत गेले. सगळीकडे तू. नवऱ्यांनी टोचे, हातोड्या, वेताच्या गुंडाळ्या वाटून घेतल्या, त्यानंतरसुद्धा तू तिकडे बसून माझं सगळं वाचत होतीस. एका नोंदीत मी लिहून गेले होते की ही मोठी बैठक एकटीने ओढली, पूर्वी दोघी ओढायचो. गिऱ्हाइकाला त्याचं काय करायचंय? ते तू काढायला हवं होतंस. काढलं नाहीस.

बाईंनीच पाणी आणून दिलं.

तरी मी हट्टी. जायचं म्हणतेस तर जा बाई, म्हणून तुझ्या नावापुढचं डिलीट दाबलं. ते पुसेचना. उलट मलाच विचारलं, या व्यक्तीने लिहिलेलं सगळं पुसून टाकायचं, की दुसऱ्या कुणाच्या नावावर करायचं?

एवढी वाटणी झाली, वकील होता, दोन मामा होते, दिवसभर घसे फोडून बोलले सगळे. हा प्रश्न एकाला सुचला नाही. त्या खोक्याने विचारला. कोपऱ्यात वेत कसा वळवायचा ते तू इतकं सोपं करून लिहिलंयस, ते माझ्या नावावर करू? आणि पुसणं तर माझ्या हातून व्हायचं नाही. रद्द करून टाकलं.

आता ऐक. मी ॲडमिन आहे, ऐकावंच लागेल. तुला काढलेलं नाही, पायरीही उतरवलेली नाही. यांना विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. तुमचं नवं दुकान होतंय, भावोजी कुरकुरत असतील, तुलाच इथे राहणं नको असेल, तर तसं सरळ कळव. तुझं सगळं लिहिलेलं उतरवून तुझ्याकडे पाठवायला लावते, तुझ्या नावाने तुझ्या दुकानात लाव. पण राहायचं असेल तर मान-अपमान करत बसू नकोस.

काल मी एका डोलखुर्चीची नोंद लिहिली. आता मला ती स्वतः लावता येते, बटण समोरच आहे. लावली नाही. तुझ्या तपासणीला ठेवलीय. शेवटचं वाक्य गिऱ्हाइकासाठी नाही. ते ठेवायचं की काढायचं ते तू ठरव, पण नोंद बाहेर लाव, मला तेवढं उत्तर पुरे. शनिवारी दुकान बंद करेपर्यंत बघेन. उशीर केलास तर मी तिथे येईन, आणि मग भावोजींसमोर बोलेन, ते तुला परवडायचं नाही.

तुझ्या हाताखाली लिहिणारी,
थोरली